बैठकीचा प्रारंभ : संक्षिप्तता आणि अनुकूल सूर या संकेतांचा ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

कामकाजाच्या बैठकीत मुख्य विषयाला हात घालण्यापूर्वी उपस्थितांनी एक-दोन वाक्यांत आपली ख्यालीखुशाली सांगावी, ती थोडक्यात असावी आणि तिचा सूर अनुकूल असावा, असा संकेत गेल्या काही दशकांत अनेक देशांतील कार्यालयांत रूढ झाला आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या संकेताच्या जडणघडणीचा मागोवा घेतला आहे. सभाशास्त्राचे नियम, १९४६ नंतरचे समूह-मानसशास्त्राचे प्रयोग, विमानचालनातील प्रशिक्षण, संगणकक्षेत्रातील उभ्याने होणाऱ्या बैठका आणि शस्त्रक्रियागृहातील तपासणी-सूची या पाच टप्प्यांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, संक्षिप्ततेच्या संकेताला इतिहासाचा भक्कम आधार आहे. अनुकूलतेच्या संकेताला मात्र तो एका विशिष्ट अर्थानेच आहे. प्रारंभ अनुकूल असावा तो वाईट बातमी टाळण्यासाठी नव्हे, तर ती सांगणाऱ्याला बळ मिळावे म्हणून.

बीजसंज्ञा : बैठक, प्रारंभ, ख्यालीखुशालीची फेरी, चेक-इन, तपासणी-सूची, मानसिक सुरक्षितता, सकारात्मकता.

१. प्रस्तावना

आपल्याकडील कोणत्याही संस्थेची बैठकीची सूचना पाहिली, तर तिच्यातील पहिला विषय बहुधा ठरलेला असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. त्यापूर्वी काय घडते याची नोंद सूचनेतही नसते आणि इतिवृत्तातही नसते. प्रत्यक्षात मात्र सदस्य खोलीत येतात, बसतात, काही बोलतात किंवा गप्प राहतात, अध्यक्षांची वाट पाहतात, आणि पुढील तासाभराची बैठक कशी होणार हे पुष्कळ अंशी या नोंद नसलेल्या काळात ठरून जाते. इतिहासलेखनाने बैठकांचे निर्णय अभ्यासले. त्यांच्या प्रारंभाकडे मात्र फारसे लक्ष दिले नाही. दप्तरात जे उरते त्याचाच इतिहास लिहिला जातो, हे त्यामागील साधे कारण होय.

अलीकडच्या व्यवस्थापनशास्त्राने या प्रारंभाला ‘चेक-इन’ असे नाव दिले. प्रस्तुत निबंधात त्यासाठी ‘ख्यालीखुशालीची फेरी’ असा शब्दप्रयोग केला आहे. या फेरीविषयी दोन उपदेश सर्वत्र आढळतात : ती थोडक्यात असावी आणि ती सकारात्मक असावी. हे दोन्ही उपदेश एका दमात सांगितले जात असल्यामुळे ते एकाच प्रकारचे आहेत असा समज होतो. तथापि त्यांचे उगम वेगळे आहेत, त्यांमागील अनुभव वेगळे आहेत, आणि त्यांपैकी एकाचा चुकीचा अर्थ लावल्यास प्रसंगी त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागते.

२. उद्दिष्टे आणि अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) बैठकीच्या प्रारंभाविषयीच्या संकेतांचा ऐतिहासिक क्रम मांडणे, (२) संक्षिप्तता व अनुकूलता या दोन संकेतांमागील कारणांचा स्वतंत्र विचार करणे, (३) महाविद्यालयीन बैठकांच्या दृष्टीने त्यांची उपयुक्तता तपासणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित संशोधन, अपघातांचे चौकशी-निष्कर्ष आणि संस्थात्मक मार्गदर्शिका ही दुय्यम साधने वापरली आहेत.

३. पूर्वपीठिका : मौन, इतिवृत्त आणि उपचार

कामकाजापूर्वी सर्वांनी एकत्रितपणे काही करावे, ही कल्पना नवी नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या प्रेरणेने उदयास आलेल्या क्वेकर पंथाच्या कामकाजाच्या सभाही मौनाने सुरू होत आणि आजही होतात. या मौनाचा धार्मिक अर्थ बाजूला ठेवला, तरी त्याचा एक सामाजिक परिणाम लक्षणीय आहे. मौनात वरिष्ठ आणि कनिष्ठ असा भेद उरत नाही. सभेच्या पहिल्या क्षणी कोणाचाही आवाज दुसऱ्यापेक्षा मोठा नसतो.

याउलट आधुनिक सभाशास्त्राने प्रारंभाची जागा कागदाला दिली. अमेरिकेतील लष्करी अभियंते हेन्री मार्टिन रॉबर्ट यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सभानियमांत कामकाजाचा पहिला विषय म्हणून मागील सभेच्या इतिवृत्ताचे वाचन व मंजुरी सांगितली आहे. ब्रिटिश संसदीय परंपरेतून आलेली हीच रीत भारतातील संस्थांनीही स्वीकारली. १८७० मध्ये पुणे सार्वजनिक सभेची स्थापना झाली तेव्हापासून महाराष्ट्रातील सार्वजनिक जीवनात अध्यक्ष, चिटणीस, ठराव, सूचक व अनुमोदक ही परिभाषा उत्तरोत्तर स्थिरावत गेली. या पद्धतीचे गुण निर्विवाद आहेत. तिच्यामुळे सभेला स्मृती मिळाली आणि वादाला शिस्त लागली. परंतु तिच्या प्रारंभी वाचला जातो तो कागद. उपस्थित माणसे त्या वेळी केवळ श्रोते असतात.

आपल्याकडील समारंभांनी आणखी एक भर घातली. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, प्रास्ताविक असा क्रम महाराष्ट्रात इतका रुजला आहे की, त्याशिवाय कार्यक्रम सुरू झाल्यासारखे वाटत नाही. येथे प्रारंभ दीर्घ आहे आणि सूर पूर्णपणे अनुकूल आहे. मात्र बोलण्याचा अधिकार व्यासपीठावरील मंडळींपुरता मर्यादित आहे. मात्र याच परंपरेत एक अगदी वेगळी प्रथाही आढळते. निधन पावलेल्या व्यक्तीस सभेच्या आरंभी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली वाहिली जाते आणि यश मिळवलेल्या सहकाऱ्याच्या अभिनंदनाचा ठराव मांडला जातो. ही प्रथा संक्षिप्त आहे, सर्वांच्या सहभागाची आहे, आणि तिच्यात दुःख व आनंद या दोहोंना जागा आहे. प्रारंभ सुखदच असला पाहिजे, असा आग्रह आपल्या सभापरंपरेने धरलेला नव्हता, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

४. भावनेला जागा : १९४६ नंतरचे प्रयोग

बैठकीतील माणसे कोणत्या मनःस्थितीत आहेत हा प्रश्न कामकाजाशी संबंधित आहे, असे शास्त्रीय भूमिकेतून प्रथम ठामपणे मांडले गेले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. जर्मनीतून अमेरिकेत आलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ च्या उन्हाळ्यात कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन येथे वांशिक तणावाच्या प्रश्नावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांची कार्यशाळा घेतली. दिवसभराच्या गटचर्चांचे निरीक्षण करणारे संशोधक सायंकाळी आपली निरीक्षणे मांडत. काही सहभागी व्यक्तींनी त्या वेळी उपस्थित राहण्याची परवानगी मागितली आणि लेविन यांनी ती दिली. स्वतःच्या वर्तनाविषयी चाललेली चर्चा ऐकून त्यांनी आपली बाजू मांडण्यास सुरुवात केली आणि निरीक्षकांचा अहवाल हा संवाद बनला. लेविन यांचे फेब्रुवारी १९४७ मध्ये निधन झाले. त्याच वर्षी मेन राज्यातील बेथेल येथे त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्रीय प्रशिक्षण प्रयोगशाळेचे काम सुरू केले. तेथील ‘टी-ग्रुप’ या पद्धतीचा पुढील दोन दशकांत मोठा प्रसार झाला.

या चळवळीने गटातील प्रत्येकाला आपल्या मनात काय आहे ते सांगण्याची मुभा दिली. तथापि वेळेची मर्यादा हा तिचा विषय नव्हता. मन मोकळे करणे हेच जेथे उद्दिष्ट असते, तेथे ते किती वेळात करावे हा प्रश्न गौण ठरतो. कामकाजाच्या बैठकीत मात्र ही मुभा जशीच्या तशी आणता येत नाही. तसे केल्यास कामकाज बाजूला राहते.

या पेचातून मार्ग काढण्याचा एक प्रयत्न पुढे संगणकक्षेत्रात झाला. जिम व मिशेल मॅकार्थी यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ‘चेक-इन’ची काटेकोर रीत दिली आहे. राग, दुःख, आनंद आणि भीती या चार शब्दांतून आपली अवस्था सांगावयाची, इतरांनी त्यावर भाष्य करावयाचे नाही, आणि ज्याला काही सांगावयाचे नसेल त्याला आपली पाळी सोडून देण्याचा अधिकार. येथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, शब्दसंख्या मर्यादित केल्यामुळे भावनेला जागा मिळूनही वेळ मर्यादित राहतो. दुसरी अशी की, या चार शब्दांपैकी केवळ एकच शब्द ‘सकारात्मक’ आहे.

५. विमानचालनातील धडा : पहिला संवाद आणि त्याचे मोल

प्रारंभीच्या काही मिनिटांचे महत्त्व सर्वांत कठोर रीतीने शिकवले ते विमान अपघातांनी. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील टेनेरिफे येथील लॉस रोदेओस विमानतळाच्या धावपट्टीवर केएलएम व पॅन अॅम या कंपन्यांची दोन बोइंग ७४७ विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ जण मृत्युमुखी पडले. दाट धुके, दुसऱ्या विमानतळावरील स्फोटामुळे तेथे झालेली विमानांची गर्दी आणि संदेशवहनातील गोंधळ ही कारणे होतीच. परंतु ध्वनिमुद्रणावरून आणखी एक बाब उघड झाली. केएलएमचे विमान वेग घेत असताना त्यातील फ्लाइट इंजिनिअरने समोरचे विमान अद्याप धावपट्टीवर असावे अशी शंका प्रश्नरूपाने व्यक्त केली होती. कॅप्टन हे कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ प्रशिक्षक होते. त्यांनी शंका ठामपणे फेटाळली आणि ती पुन्हा उपस्थित झाली नाही.

पुढील वर्षी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, युनायटेड एअरलाइन्सचे उड्डाण क्रमांक १७३ हे विमान अमेरिकेतील पोर्टलँडजवळ इंधन संपल्याने कोसळले. चाकांच्या बिघाडाचा विचार करीत विमान सुमारे तासभर घिरट्या घालत होते. इंधन कमी होत असल्याचे कॉकपिटमधील सहकाऱ्यांच्या लक्षात आले होते. मात्र ते निकराने सांगितले गेले नाही. या अपघातात १० जणांचा मृत्यू झाला. दोन्ही घटनांत माहितीचा अभाव नव्हता. ती बोलण्याच्या आणि ऐकून घेण्याच्या रीतीचा अभाव होता.

१९७९ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने वैमानिक-चमूच्या परस्परसहकार्याचे प्रशिक्षण सुरू केले. पुढे ते जगभर स्वीकारले गेले. १९ जुलै १९८९ रोजी याच कंपनीच्या उड्डाण क्रमांक २३२ मधील सर्व हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या, तेव्हा २९६ पैकी १८४ जण वाचले. कॅप्टन अल हेन्स यांनी त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात या प्रशिक्षणाला दिले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने रॉबर्ट गिनेट यांचे १९८७ मधील संशोधन विशेष महत्त्वाचे आहे. मोठ्या विमान कंपन्यांत एका उड्डाणावरील कर्मचारी बहुधा एकमेकांना अपरिचित असतात. त्यामुळे कॅप्टनची त्यांच्याशी होणारी पहिली भेट हीच त्या चमूची घडण असते. गिनेट यांनी चमू उत्तम बांधणाऱ्या आणि तितकासा न बांधू शकणाऱ्या कॅप्टनांच्या या पहिल्या संवादांची तुलना केली. उत्तम कॅप्टनांचा संवाद लांबलचक नव्हता. मात्र त्यात ते आपले कर्तव्य स्पष्ट करीत, केबिनमधील कर्मचाऱ्यांनाही चमूचा भाग मानीत आणि आपल्याकडूनही चूक होऊ शकते हे सूचित करून इतरांना बोलण्याचे निमंत्रण देत. येथे अनुकूल सुराचा खरा अर्थ स्पष्ट होतो. ‘सर्व काही उत्तम आहे’ असे सांगणे म्हणजे अनुकूलता नव्हे. ‘काही उत्तम नसेल तर तुम्ही मला सांगाल याची मला खात्री आहे’ असे सुचविणे म्हणजे अनुकूलता.

६. उभ्याने होणारी बैठक : संक्षिप्ततेचा विजय आणि मर्यादा

हिरोताका ताकेउची व इकुजिरो नोनाका यांनी १९८६ मध्ये नव्या उत्पादनांच्या विकासाविषयी लिहिलेल्या लेखात रग्बी खेळातील ‘स्क्रम’चे रूपक वापरले. १९९३ मध्ये जेफ सदरलँड यांनी आपल्या चमूत या विचाराचा वापर केला आणि १९९५ मध्ये सदरलँड व केन श्वाबर यांनी ‘स्क्रम’ ही कार्यपद्धती जाहीरपणे मांडली. तिच्यात रोज १५ मिनिटांची बैठक ठरली आणि ती थोडक्यात व्हावी म्हणून अनेक ठिकाणी उभ्यानेच घेतली जाऊ लागली. प्रत्येकाने तीन प्रश्नांची उत्तरे द्यावयाची : काल काय केले, आज काय करणार आणि अडथळा कोणता आहे. पुण्यातील हिंजवडीसारख्या परिसरांतील संगणक कंपन्यांत काम करणाऱ्या मराठी तरुणांना ही बैठक ‘स्टँडअप’ या नावाने सुपरिचित आहे.

उभ्याने बैठक घेतल्याचा परिणाम संशोधनानेही तपासला आहे. अॅलन ब्लूडॉर्न व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उभ्याने बैठक घेणाऱ्या ५६ आणि बसून घेणाऱ्या ५५ गटांची तुलना केली. बसलेल्या गटांना ३४ टक्के अधिक वेळ लागला. मात्र त्यांचे निर्णय अधिक चांगले नव्हते. संक्षिप्ततेच्या बाजूने याहून स्पष्ट पुरावा क्वचितच सापडेल.

तथापि या प्रथेची पुढील वाटचालही बोधप्रद आहे. तीन प्रश्नांची उत्तरे देता देता अनेक चमूंत ही बैठक म्हणजे वरिष्ठांपुढे हजेरी देण्याचा प्रकार बनली. तिसरा, म्हणजे अडथळ्याचा, प्रश्न आला की ‘काही नाही’ हे ठरलेले उत्तर येऊ लागले. २०२० मध्ये ‘स्क्रम’च्या अधिकृत मार्गदर्शिकेतून हे तीन प्रश्न वगळण्यात आले, १५ मिनिटांची मर्यादा मात्र कायम राहिली. वेळेचा नियम टिकला, शब्दांचा नियम टिकला नाही, हा क्रम लक्षणीय आहे.

७. शस्त्रक्रियागृहातील विराम

बैठकीचा सर्वांत लहान आणि कदाचित सर्वांत परिणामकारक प्रारंभ शस्त्रक्रियागृहात घडला. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची शस्त्रक्रिया-सुरक्षा तपासणी-सूची प्रसिद्ध केली. हा उपक्रम ज्यांच्या नेतृत्वाखाली झाला ते शल्यविशारद अतुल गावंडे अमेरिकेत जन्मले व वाढले. त्यांचे पितृघराणे मात्र यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड परिसरातील होय. विदर्भातील अध्यापकांना उमरखेडच्या गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालयाच्या नावातून हे घराणे परिचित आहे.

या सूचीचे तीन भाग आहेत : भूल देण्यापूर्वीचा, त्वचेवर छेद घेण्यापूर्वीचा आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वीचा. दुसऱ्या भागात सर्वजण क्षणभर हातातील काम थांबवतात. त्या विरामातील पहिलीच बाब अशी आहे की, चमूतील प्रत्येकाने आपले नाव आणि भूमिका सांगितली असल्याची खात्री करावी. त्यानंतर रुग्णाची ओळख, शस्त्रक्रियेची जागा व प्रकार यांची निश्चिती होते. आणि मग शल्यविशारद, भूलतज्ज्ञ व परिचारिका यांनी क्रमाने आपल्याला वाटणारे संभाव्य धोके सांगावयाचे असतात.

या क्रमाची रचना मुळातून समजून घेण्यासारखी आहे. प्रारंभी नाव घेण्यात भावनेचे प्रदर्शन नाही, स्तुती नाही, की हास्यविनोदाची सक्ती नाही. पण ज्या परिचारिकेने आपले नाव एकदा सर्वांसमक्ष उच्चारले, तिला पुढच्या अर्ध्या तासात ‘डॉक्टर, एक गाळणी-पट्टी कमी भरते आहे’ असे म्हणणे सोपे जाते. गावंडे यांनीही आपल्या लेखनात या परिणामाकडे लक्ष वेधले आहे. धोक्याला येथे बंदी नाही. उलट त्याच्यासाठी स्वतंत्र आणि ठरलेली जागा राखून ठेवली आहे. प्रारंभ अनुकूल राहू शकतो, कारण प्रतिकूल गोष्टीची जागा त्याच्या पाठोपाठ निश्चित केलेली असते.

या सूचीच्या परिणामांचा अभ्यास नवी दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत झाला आणि जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सूची वापरण्यापूर्वी ३७३३ आणि वापरल्यानंतर ३९५५ रुग्णांची पाहणी करण्यात आली. मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. अर्थात हे यश संपूर्ण सूचीचे आहे. केवळ नावे सांगण्याचे नव्हे.

मात्र इतिहास येथे थांबत नाही. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांत सूची लागू झाल्यानंतर केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूचे प्रमाण ०.७१ टक्क्यांवरून ०.६५ टक्क्यांवर आल्याचे दिसले. हा फरक सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय नव्हता. या निष्कर्षाच्या कारणांविषयी मतभेद झाले. प्रांतातील मृत्यूचे प्रमाण मुळातच कमी होते, अभ्यासाचा कालावधी अल्प होता, असे आक्षेप घेण्यात आले. त्याचबरोबर वरून आलेला आदेश म्हणून सूचीवर खुणा केल्या गेल्या असाव्यात, प्रत्यक्ष संवाद झाला नसावा, हेही अनेकांनी नमूद केले. जो प्रारंभ उपचार म्हणून उरकला जातो, त्यातून उपचारापलीकडचे फळ मिळण्याची अपेक्षा करता येत नाही.

८. सकारात्मकतेचे गणित आणि त्याची फसगत

१९९८ मध्ये मार्टिन सेलिग्मन यांनी अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून सकारात्मक मानसशास्त्राचा पुरस्कार केला आणि ‘सकारात्मक’ या शब्दाला बैठकांच्या जगात नवे वजन प्राप्त झाले. या विचाराला काही भक्कम आधार होते. सिगल बारसेड यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ९४ विद्यार्थ्यांच्या गटांत एक प्रशिक्षित नट मिसळला होता. त्याची मनःस्थिती गटात पसरते आणि ती आनंदी असल्यास सहकार्य वाढते व संघर्ष कमी होतो, असे आढळले. पहिल्या वक्त्याचा सूर इतरांना लागतो, हे यातून दिसते.

परंतु यापुढे एक मोहाचे पाऊल पडले. मार्सिअल लोसाडा यांनी ६० व्यवस्थापन-चमूंच्या बैठकांतील सकारात्मक व नकारात्मक विधानांची मोजणी केली आणि हवामानाच्या अभ्यासातून पुढे आलेली लॉरेन्झ यांची समीकरणे त्यांना लावली. २००५ मध्ये बार्बरा फ्रेड्रिकसन व लोसाडा यांनी असे प्रतिपादन केले की, सकारात्मक-नकारात्मक भावनांचे गुणोत्तर २.९०१३ या मर्यादेपेक्षा अधिक असल्यास माणसे व चमू बहरतात. दशांश चिन्हानंतरच्या चार अंकांनी या विधानाला शास्त्राचे तेज आले. कार्यशाळांतून आणि पुस्तकांतून ‘एका टीकेमागे तीन कौतुके’ हा नियम सांगितला जाऊ लागला.

२०१३ मध्ये निकोलस ब्राउन, अॅलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी या गणितात तथ्य नसल्याचे दाखवून दिले. समीकरणांचा बैठकांशी कोणताही सिद्ध संबंध नव्हता. ज्या नियतकालिकाने मूळ लेख छापला होता, त्यानेच त्यातील गणिती भाग मागे घेतला. यातील ब्राउन हे त्या वेळी अंशकालीन पदव्युत्तर विद्यार्थी होते, ही गोष्ट अध्यापकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. आठ वर्षे अनेक विद्वानांनी उद्धृत केलेला आकडा एका विद्यार्थ्याच्या शंकेने ढासळला.

याच काळात एमी एडमंडसन यांचे संशोधन वेगळ्या दिशेने जात होते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात रुग्णालयांतील चांगल्या नेतृत्वाखालील परिचारिका-चमूंत औषधयोजनेतील नोंदवलेल्या चुकांचे प्रमाण अधिक आढळले. हे चमू अधिक चुका करीत होते असे म्हणण्यापेक्षा, ते चुका अधिक मोकळेपणाने सांगत होते, हा अर्थ त्यांना सयुक्तिक वाटला. १९९९ मध्ये एका उत्पादन कंपनीतील ५१ चमूंच्या अभ्यासातून त्यांनी ‘मानसिक सुरक्षितता’ ही संकल्पना मांडली. ज्या बैठकीत केवळ चांगल्या बातम्या ऐकू येतात ती बैठक चांगली चालली आहे, असा निष्कर्ष काढणे किती धोक्याचे आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

९. महाविद्यालयीन बैठकांच्या संदर्भात

वरील विवेचन विमान आणि शस्त्रक्रियागृह यांपुरते मर्यादित ठेवण्याचे कारण नाही. विभागाच्या, परीक्षा समितीच्या किंवा अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या बैठकीत कोणाचा जीव धोक्यात नसतो, हे खरे. परंतु तेथेही एखाद्या विद्यार्थिनीचे शिक्षण सुटण्याच्या बेतात असते, प्रयोगशाळेतील एखादे जुने जोडणीकाम धोकादायक झालेले असते, गुणपत्रिकेतील एखादी चूक पुढच्या टेबलाकडे निघालेली असते. हे बहुधा प्रथम कळते ते तासिका तत्त्वावरील अध्यापकाला, प्रयोगशाळा परिचराला किंवा कार्यालयातील कनिष्ठ लिपिकाला. आणि बैठकीत सर्वांत कमी बोलतात तेही हेच. ज्याचे पुढील वर्षाचे काम खोलीतील ज्येष्ठांच्या अभिप्रायावर अवलंबून आहे, त्याने पहिले वाक्य अडचणीचे उच्चारावे, ही अपेक्षा अवास्तव आहे.

या पार्श्वभूमीवर इतिहासातून काही व्यवहार्य सूचना निघतात. पहिली, प्रारंभीची फेरी प्रत्येकी दोन वाक्यांची असावी आणि तिच्यावर चर्चा होऊ नये. दुसरी, तिचा आरंभ कनिष्ठ सदस्यापासून व्हावा. इंग्रजी लष्करी न्यायालयांत सदस्यांची मते कनिष्ठापासून वरिष्ठाकडे या क्रमाने घेण्याची जुनी प्रथा होती. वरिष्ठाचे मत आधी ऐकल्यावर कनिष्ठ स्वतंत्र राहत नाही, हे तिच्यामागील शहाणपण आजही लागू पडते. तिसरी, ज्याला बोलावयाचे नसेल त्याला पाळी सोडता यावी. घरी आजारपण किंवा दुःख असलेल्या सहकाऱ्याकडून आनंदाचे वाक्य वदवून घेणे हा सौजन्याचा भाग नव्हे. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, विषयपत्रिकेत इतिवृत्तानंतर लगेच ‘अडचणी व धोके’ असा स्वतंत्र विषय असावा. तो नसेल, तर अनुकूल प्रारंभ हा अडचणी झाकण्याचा सभ्य मार्ग ठरण्याचा संभव आहे.

या सूचनांवर एक आक्षेप घेता येईल. रोज एकत्र चहा घेणाऱ्या सहा-सात जणांच्या विभागात अशी फेरी कृत्रिम वाटेल. आक्षेप रास्त आहे. नित्य परिचय असलेल्या लहान गटाला तिची गरज कमी असते. मात्र वेगवेगळ्या विभागांतून आलेल्या समित्यांत, नव्या अध्यापकांच्या पहिल्या सत्रात आणि बाहेरील सदस्य असलेल्या मंडळांत परिस्थिती विमानातील अपरिचित चमूसारखीच असते. तेथे हा अर्धा मिनिट वाया जात नाही.

१०. निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) बैठकीच्या प्रारंभीची ख्यालीखुशालीची फेरी ही एकाच उगमातून आलेली प्रथा नाही. तिच्यात सभाशास्त्राची शिस्त, समूह-मानसशास्त्राचा मोकळेपणा आणि अपघातांतून घेतलेले धडे एकत्र आले आहेत.

(२) संक्षिप्ततेच्या संकेताला अनुभवाचा व संशोधनाचा आधार आहे. थोडक्यात होणारा प्रारंभ सर्वांना बोलण्याची संधी देतो; दीर्घ प्रारंभ ती काहींपुरतीच ठेवतो.

(३) सकारात्मकतेचा संकेत विवेकाने स्वीकारावयास हवा. बोलणाऱ्या व्यक्तीविषयीची सद्भावना या अर्थाने तो उपकारक आहे. चांगल्याच गोष्टी बोलण्याचे बंधन या अर्थाने तो घातक आहे. त्याला दिले गेलेले गणिती रूप निराधार ठरले आहे.

(४) अनुकूल प्रारंभ आणि प्रतिकूल माहितीसाठी राखलेली जागा या दोन बाबी एकत्र असतील, तरच दोन्ही सार्थ होतात.

टेनेरिफे येथील त्या विमानात शंका उच्चारली गेली होती. तिला दुसऱ्यांदा उच्चारण्याचे बळ मात्र कोणी दिले नव्हते. बैठकीच्या पहिल्या अर्ध्या मिनिटाचे प्रयोजन हे बळ देणे, एवढेच आहे. ते आपल्या इतिवृत्तात कधी नोंदले जाणार नाही. परंतु इतिवृत्तात पुढे काय नोंदले जाईल, हे त्याच्यावर अवलंबून राहील.